दोनशे बारा जणांनी घेतलेलं नाव

बोगोर
३ मार्च

ती. मावशींना किनासीचा सा. न. वि. वि. (साष्टांग फक्त कागदावर. पाठीने महिनाभर संप पुकारलाय.)

फोन केला की तुम्ही सगळ्यालाच हो हो म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय. वोनोगिरीच्या बसवाल्याकडे रिकाम्या टोपलीबरोबर देते. उत्तरही तसंच, टेम्पेच्या टोपलीतून पाठवा.

बातमी आनंदाची आहे. प्राध्यापकपदासाठी माझं नाव पुढे गेलंय. २० मेला समिती बसेल. ती माणूस बघत नाही, आकडे बघते. किती शोधनिबंध लिहिले, कुणाकुणाबरोबर लिहिले आणि ते वाचून जगातल्या किती जणांनी स्वतःच्या निबंधात आपलं नाव घेतलं. माझे निबंध अडतीस. बरोबर लिहिणारे बँकॉकचे आहेत, ओसाकाचे आहेत, चिआंग माईची पिमचनोक तर आता घरचीच झालीय. पण नाव घेण्याचं म्हणाल, तर सदतीस निबंधांना लोकांनी नुसती सभ्यपणे मान डोलावली. कुठे सात, कुठे सतरा. एकाच निबंधाचं नाव दोनशे बारा जणांनी घेतलंय, आणि तो तुमच्या टेम्पेवरचा आहे!

आठवतं ना? सहा वर्षांपूर्वी लग्नसराईत तुम्ही सहा आठवडे, दर शुक्रवारी दहा-दहा पुडे पाठवले होते. शिजवलेल्या सोयाबीनला विरजण लागून त्याची टेम्पेची वडी जमली की आत हजारो बारीक रेणू तयार होतात. ते सगळे एकदम मोजायचे, हाच माझा धंदा. तुमच्या टेम्पेत तेव्हा एक रेणू असा सापडला, जो इतर चाळीस गावांच्या टेम्पेत औषधालाही नव्हता. मी लिहून टाकलं की ही या एका घरच्या विरजणाची खूण आहे. लोकांना ते फारच आवडलं. मलाही आवडलं होतं.

आता एक छोटीशी कुरबुर. पिमचनोकला तो रेणू पुन्हा बघायचाय म्हणून मी गेल्या महिन्यातले तुमचे पुडे तपासले, तर खुणेचा पत्ता नाही. मध्यंतरी सोयाबीन बदललंत का? विरजण? विहीर? आठवून लिहा आणि पाच पुडे नवे पाठवा.

लोभ असू द्या, आणि थोडा पाठीसाठीही राखून ठेवा.

तुमची
किनासी


वोनोगिरी
११ मार्च

चि. किनासीस अ. उ. आ.

पाठीला आलं आणि तांदूळ वाटून लाव. एवढी शिकलीस, पण खुर्चीत नीट बसायला नाही शिकलीस.

दोनशे बारा जणांनी माझ्या टेम्पेचं नाव घेतलं म्हणतेस, आणि त्यातल्या एकानेही दोन पुडे मागवले नाहीत? हे कसले गं लोक? इथे पोस्टमनसुद्धा नाव घेतलं की पुडा घेऊन जातो. मागे तू मला तुमच्यातला तो आकडा समजावला होतास बघ. चौदा निबंध असे, की प्रत्येकाचं चौदा जणांनी तरी नाव घेतलंय, तर तुझा आकडा चौदा. मी माझा काढून पाहिला. महिन्यातून किमान सव्वीस दिवस येणारी घरं माझ्याकडे सव्वीस आहेत. म्हणजे मी तुझ्या पुढेच आहे. समितीला कळव.

थोरल्या सुनेने टेम्पे प्लास्टिकच्या पिशवीत भरायची टूम काढली होती. मी म्हटलं, मी मेल्यावर भर. तिने विचारलं, म्हणजे अंदाजे कधी? चांगली आहे पोरगी, मला आवडते.

बदललं काहीच नाही. सोयाबीन तेच, विहीर तीच, विरजण माझ्या सासूच्या वेळेपासूनचं, आणि पान केळीचं. सहा वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं? तू प्राध्यापक हो, बाकीचं राहू दे. पाच पुडे पाठवतेय. अर्धेकच्चे आहेत, बसच्या उबेने बोगोरला पोचेपर्यंत तयार होतील.

इथे सगळे तुझी आठवण काढतात. ते मोजायला समितीची गरज नाही.

तुझी मावशी
सुगियार्ती


बोगोर
२ एप्रिल

ती. मावशींना सा. न. वि. वि.

लेपाने पाठ सुधारली. डोकं मात्र ठिकाणावर नाही.

पाचही पुडे तपासले. खूण नाही. पिमचनोकने चिआंग माईत तपासले, तिलाही नाही. जुने नमुने मी शीतपेटीत गोठवून ठेवले होते, ते बाहेर काढले, तर त्यांत ती ठसठशीत आहे. म्हणजे यंत्र बरोबर आहे आणि मी कुठेतरी चुकले आहे, पण कुठे तेच कळेना. पिमचनोकने माझ्या खुणेच्या भरवशावर आपल्या दोन विद्यार्थिनींना कामाला लावलंय. त्यांचं वर्ष वाया जाईल.

विभागप्रमुख सुबेक्ती सरांना सांगितलं. ते म्हणाले की आधी खुर्चीवर बस आणि मग हळूच दुरुस्ती छाप, कुणाला कळणारसुद्धा नाही. माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच बोलला. आणि खोटं कशाला सांगू, मावशी, ते ऐकून मला बरं वाटलं. मला प्राध्यापक व्हायचंय. फार व्हायचंय. आई असती तर तिने सबंध गावाला वरात काढून सांगितलं असतं. तो एक निबंध काढून घेतला तर माझ्या यादीत समितीला दाखवण्यासारखं फारसं उरत नाही.

तुम्हाला त्या सहा आठवड्यांचं काही आठवत असेल तर लिहा. मी रागावणार नाही. आठवत नसेल तर तसं लिहा. पण फोनवरचं हो हो कागदावर उतरवू नका, एवढीच विनंती.

कळावे, आणि लवकर कळवावे.

तुमची
किनासी


वोनोगिरी
९ एप्रिल

चि. किनासीस अ. उ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. सुनेला वाटलं मी प्रेमपत्र लिहितेय.

पोरी, ते टेम्पे माझं नव्हतं.

त्या लग्नसराईत गावात अकरा लग्नं निघाली. प्रत्येक घरचं कुणी ना कुणी दारात येऊन बसलं, आणि मी प्रत्येकाला हो म्हटलं. तुला माहीतच आहे आपलं. समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्याच्या अंगावर पाणी फेकण्यासारखं. तेवढ्यात तुझा फोन आला, दर शुक्रवारी दहा पुडे हवेत. तुलाही हो म्हटलं. घरात एक पुडा शिल्लक नव्हता.

मग काय करणार? नदीपलीकडच्या तुमिराकडून घेतले. हो, तीच तुमिरा! माझ्या लग्नात तिने टेम्पे आंबट आहे म्हटलं होतं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. स्वतः कशी जाणार? तिच्या नणंदेला मध्ये घातलं. तुमिरा सागाच्या पानात बांधते. ती पानं सोडून मी प्रत्येक पुडा केळीच्या पानात नव्याने बांधला, माझ्या पद्धतीने बांबूचा बंद लावला. टेम्पेवर सागाचे लालसर डाग होते, ते वरवर खरवडून टाकले. मनात म्हटलं, पोरगी काय, कढईत टाकून खाऊन मोकळी होईल. यंत्रात घालशील हे मला काय ठाऊक? आणि पुढे तू माझं नाव छापून आणलंस, गावाला वाचून दाखवलंस. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगू?

सहा वर्षं हे माझ्या घशात अडकलंय. तुझी खुर्ची माझ्यामुळे जाणार असेल तर मला समितीपुढे उभी कर. त्या दोनशे बारा जणांना मी एकेक पत्र लिहीन. इंग्रजी येत नाही, पण माफी मागितलेली कुठल्याही भाषेत कळते.

राग आला तर ये. भांडायला म्हणून का होईना, पण ये.

तुझी, अजूनही असेन तर,
मावशी


बोगोर
२४ मे

ती. मावशींना सा. न. वि. वि.

तुम्ही मावशीच आहात. ते पद कुठली समिती काढून घेत नाही.

पत्र वाचून आधी मी प्रयोगशाळेत इतकी हसले, की शेजारच्या खोलीतून माणसं बघायला आली. मग प्रसाधनगृहात जाऊन रडले. डागांचं वाचलं तसं डोक्यात लख्ख झालं. माझ्या चाळीस गावांचे पुडे एक तर केळीच्या पानातले होते, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीतले. खूण विरजणाची नसेलच कदाचित, सागाच्या पानाची असेल. आणि पानाने टेम्पे बदलतं का, हे मी सहा वर्षांत कुणाला विचारलंच नाही. रेणू मोजत बसले, पान बघितलं नाही. म्हणून चूक निम्मी तुमची आणि निम्मी माझी. माझी निम्मी जरा मोठी आहे, कारण मला त्याचा पगार मिळतो.

मी नियतकालिकाला दुरुस्ती लिहून पाठवली. बरोबर लिहिणाऱ्या सगळ्यांना कळवलं. ओसाकाहून अतिशय अदबशीर आणि अतिशय थंड उत्तर आलं. पिमचनोकला फोन केला तर ती हसून हसून बेजार झाली. तिच्या सासूनेही म्हणे एकदा बाजारातलं लोणचं घरचं म्हणून तपासायला दिलं होतं. विद्यार्थिनींना तिने पानांच्या कामाला लावलंय, वर्ष वाया जाणार नाही.

समितीलाही मी आधीच कळवलं. त्यांनी तो निबंध यादीतून वगळला आणि माझं नाव पुढच्या वर्षावर टाकलं. सुबेक्ती सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी फणस आणून दिला. वाईट वाटलं, मावशी. फार वाटलं. बाकीच्यांसारखं मलाही मिरवायचं होतं.

आता काम आहे आणि ते तुम्हालाच करावं लागेल. मला तुमिराकाकूंचं टेम्पे हवंय. सागाच्या पानातलं, जसंच्या तसं. नणंदेमार्फत नाही. तुम्ही स्वतः जा, खरं काय झालं ते सांगा आणि नव्या निबंधात त्यांचं नाव घालायची परवानगी मागा. त्या नाही म्हणाल्या तर नाही. निदान गावात कुणीतरी नाही म्हणालं असं तरी होईल.

तुमची, निम्म्या चुकीची भागीदार,
किनासी


वोनोगिरी
८ जून

चि. किनासीस अ. उ. आ.

गेले. चांगलं लुगडं नेसून गेले. अपमानच व्हायचा तर नीट दिसून व्हावा.

तुमिरा अंगणात पानं पुसत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती पानं पुसतच राहिली. मग म्हणाली की माझ्या नणंदेच्या घरात माणसं चार, तिने सहा आठवड्यांत साठ पुडे खाल्ले असते तर आज तिचं थडगं दाखवलं असतं. तिला पहिल्या शुक्रवारपासून ठाऊक होतं! मी विचारलं की मग गप्प का बसलीस. तर म्हणते, शेवटी कुणाला का होईना, तू माझं टेम्पे चांगलं म्हणून दिलंस, मला तेवढंच ऐकायचं होतं. माझ्या लग्नातलं ते आंबट प्रकरण तिला आठवतही नव्हतं. मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होते कोण जाणे.

बसायला दिलं, चहा दिला, आणि खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. निबंधात नाव द्यायला ती तयार झाली, पण माझ्या नावाच्या आधी. मी म्हटलं, भाची माझी. ती म्हणाली, पान माझं. मी म्हटलं, निबंध निघाला माझ्यामुळे. ती म्हणाली, निघाला तुझ्यामुळे आणि बुडालाही तुझ्यामुळेच. दोघींनी मिळून तीन कप चहा संपवला, तोडगा निघेना. तिची सून म्हणाली की चिठ्ठ्या टाका. आम्ही दोघींनी तिला आत पाठवलं.

शेवटी तिने विचारलं, की एवढं सगळं उघड करून तुझ्या भाचीला मिळालं काय? मी म्हटलं, मिळालं काही नाही, गेलं. प्राध्यापकाची खुर्ची समोर ठेवलेली होती, कुणाला कळलंही नसतं, आणि हिने स्वतः जाऊन सांगितलं. समितीला सांगितलं, दोनशे बारा जणांना सांगितलं. हे बोलताना मला रडू आलं, लपवत नाही. तुमिराने पुन्हा एक पान पुसायला घेतलं. मग तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि म्हणाली, तिचं नाव पहिलं घाला. मी दुसरी असले काय, तिसरी असले काय, मला चालेल. तशा पोरीच्या मागे उभं राहायला मला लाज नाही.

मी दुसरी जागा तिला देऊन टाकली. हो हो म्हणून नाही, मनापासून.

साठ पुडे पाठवतोय. बांधले तुमिराने, मोजले मी. कुणीही सोडून पुन्हा बांधलेले नाहीत.

नदीपलीकडच्या आणि अलीकडच्या, दोन्ही मावश्यांचा लोभ आहेच.

तुझी
सुगियार्ती
(आणि खाली अंगठा तुमिराचा. लिहिता येतं तिला, पण हात सोयाबीनमध्ये आहेत.)