दाराच्या फटीतला शूज

वळ, भिवंडी
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघरत्ना,

सप्रेम जय भीम. तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. घरी सगळे ठीक असतील. घोट्याची सूज उतरली का?

माझं सगळं बदललं ते गॅदरिंगला तुझ्या बॅलेच्या तालमीत. बेंचला धरून तू अंगठ्यांच्या टोकावर उभी राहिलीस, आणि मग बेंच सोडलास. आख्खं माणूस, नाण्याएवढ्या जागेवर! माझ्या हातातला चहा गार झाला. नंतर तू पायरीवर बसून शूजच्या फाटक्या टोकाला गोंद लावत होतीस. म्हणालीस, ''बाहेरून मागवावे लागतात रे. इथे कोण बनवतंय?'' पुढच्या सोमवारी मी कॉलेजला गेलोच नाही.

तर बॅलेचे शूज बनवायची कंपनी झाली. गोदामांच्या मागे एक खोली, मी, कलावती आत्या आणि तिचं शिलाई मशीन. फॉर्मवर कंपनीचं नाव आधी वेगळं टाकलं होतं. कुठलं ते विचारू नकोस. खोडलं.

तुला हे माहीत असेल, पण मला सांगू दे. हा शूज आधी उलटा शिवतात, आतली बाजू बाहेर, मग सुलटा करतात. त्यात डावा-उजवा नसतो. पाय घालणारी ठरवते. आणि टोकात लाकूड नाही, लोखंड नाही. गोणपाट, कापड आणि खळ, थरावर थर. आत्या अजून रोज म्हणते, ''येवढ्याशा चिंधीवर बाई उभी राहते? खोटं बोलतोस मेल्या.''

माझी टोकं मात्र मऊ पडून खाली बसायची. चौदा जोड फुकट गेले. पप्पा कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. वीस वर्षं ते सायझिंगमध्ये आहेत. लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावून ताठ करायचं त्यांचं काम. एकदा डबा द्यायला आले, खळीच्या टोपात बोट घातलं.

''ही खळ न्हाय, लापशी हाय. उकळी कोन देनार, तुजा बाप?''

आणि स्वतःच स्टो पेटवला.

पंधरावा जोड दगडासारखा झाला. तोच घेऊन मी रविवारी ठाण्याला तुझ्या क्लासवर आलो.

रविवारचं नको लिहायला असं ठरवलं होतं.

तू तो हातात घेतलास, वास घेतलास, हसलीस. मग दाराच्या बिजागरीच्या फटीत त्याचं टोक धरलंस आणि दार लोटलंस. कर्रर्र झालं. मग तळ वाकवलास, फरशीवर आपटलास. बाकीच्या पोरी बघत होत्या. माझं डोकंच गेलं. ''तुझी लायकी नाही,'' असं मी तुला म्हणालो. तुला! जे दिसलं ते पिशवीत कोंबलं आणि दार असं आपटलं की खालचा वॉचमन वर बघायला लागला.

घरी पिशवी उघडली तर त्यात तुझा जुना जोडही निघाला. पप्पांनी तो उजेडात धरला. नखाने चाचपला, नाकाशी नेला. मग म्हणाले, ''हितं बी दाबलंय. तळ बी वाकवलाय. अरे बैला, तिनं मोडला न्हाय, पायाजोगा केलाय. सुताला खळ लावतो ती लूमवर टिकायला. कापड झालं का धुवून काढतातच ना? मंग आमी रडतो का?''

आतल्या कापडावर तुझ्या रक्ताचे डाग होते. पाचही बोटांचे, एकेक वेगळा. एवढं दुखतं आणि वर चेहऱ्यावर काही नाही? मी तुला हवेत उभी समजत होतो.

सोळावा जोड तयार आहे. तुझा जुना जोड आणि हे पत्र त्याच्यासोबत पाठवतोय. उभं राहून बघ. नाहीच जमलं तर परत पाठव, सतरावा करतो. मला माफ केलंस की नाही, ते शूज कसे बसले त्याच्या चिठ्ठीत लिहू नकोस. ते वेगळं सांग.

किती दाबायचं ते मला कळत नाही. म्हणून एकाचंच टोक मी मऊ करतोय, दुसरं तुझ्या हातासाठी ठेवलंय. शूज फटीत लावला आहे. आत्या बघतेय. मी आता उठतो, बाहेर जातो आणि दार लावतो. हळू.

तुझा (हे खोडत नाही),
विकी