नोकरी आणि दोन नळ्या

१ नोव्हेंबर
बायकोने, म्हणजे मनीसराने, आज शेवटचं सांगितलं. तीस तारखेपर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाहीतर काठमांडूचं विमान, तिथून बुटवल, आणि तिच्या बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे वेचायचे. ती इथे जपानमध्ये, फुकुओकात नर्सिंग शिकते. मी तिच्या व्हिसावर राहतो, त्यामुळे वाद घातला नाही.
संकल्प: पाच तारखेच्या आत पार्ट-टाइम नोकरी. उरलेला महिना आराम.

२ नोव्हेंबर
अर्ज हाताने लिहायचा असतो, खाडाखोड चालत नाही. अकरा फॉर्म वाया. बारावा निर्दोष. शिक्षणासाठी आठ ओळी दिल्या आहेत. माझं नववीत संपतं, म्हणून अक्षर मोठं काढलं. मनीसरा म्हणाली, एवढ्या वेळात दहावी झाली असती.

४ नोव्हेंबर
उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या सूपच्या हॉटेलात मुलाखत. लग्नातला कोट घातला. मालक हिरानो-सान म्हणाले, नीट विचार करून कळवतो. मग दारापर्यंत आले आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकून उभे राहिले. सासरीसुद्धा मला असं कुणी पोचवलेलं नाही. नोकरी पक्की.

१० नोव्हेंबर
फोन नाही. अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो.
खालच्या मजल्यावरचे टेकदाई मनीसराच्या गावचे; नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. चार वर्षं जेवणाचे डबे भरायच्या फॅक्टरीत आहेत. म्हणाले, जावईबापू, इथे ‘विचार करतो’ म्हणजे रामराम समजायचा.
माणूस चांगला आहे, पण मत्सर वाईट.

१५ नोव्हेंबर
हिरानो-सानना आठवण द्यायला गेलो. एक नवीन मुलगी वाढत होती. ते मला बघून मागच्यापेक्षा जास्त वाकले. बहुधा मला वरच्या जागेसाठी राखून ठेवलंय. उदोन खाऊन परत आलो.

२१ नोव्हेंबर
टेकदाईंचं मन राखायला फॅक्टरीत जाऊन आलो. सुपरवायझर कोगाबाईंनी चार मिनिटांत निवड केली. पाच तास उभं राहता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच उभा राहून दाखवलं.
एकच अट. काम अन्नाचं, म्हणून शौचाची तपासणी. दोन छोट्या नळ्या, दोन वेगवेगळ्या दिवसांच्या, २८ तारखेला पाचच्या आत. ही काय अट झाली? जन्मापासून करत आलोय.

२३ नोव्हेंबर
नाही.

२५ नोव्हेंबर
सहा केळी, तीन ग्लास गरम पाणी. नाही. मनीसराने दार वाजवलं. म्हणाली, अहो, आत जीव अडकलाय की नुसते बसलाय? अशाने होतं का कुणाला?

२६ नोव्हेंबर, पहाट
एक नळी झाली. तिच्यावर नाव फार सुबक लिहिलं. मनीसराला दाखवायला नेली. तिने बघितली नाही.

२७ नोव्हेंबर
नाही.

२८ नोव्हेंबर, दुपारी ३.४०
नाही. टेकदाईंची आज सुट्टी. म्हणाले, जावईबापू, लाजताय काय, माझं घ्या. माझ्यावर घड्याळ लावतात लोक. मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नकार दिला.

४.१५
मनीसरा दाराबाहेर बसून विमानाची तिकिटं बघते आहे. वाचूनही दाखवते.

४.२५
माणसाने तत्त्वाला फार ताणू नये. टेकदाईंकडे गेलो.

४.५२
दोन्ही नळ्या कोगाबाईंसमोर वाकून, दोन्ही हातांनी धरल्या. त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं. आठ मिनिटं शिल्लक होती. नियोजन असेल तर सगळं जमतं.

३० नोव्हेंबर
कोगाबाईंचा फोन आला. पहिली नळी उत्तम. दुसरीत जंतू. नोकरी देता येणार नाही. तुम्हाला काही त्रास होतोय का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मला नाही, असं मी म्हणालो.
तरी दोनात एक, म्हणजे पन्नास टक्के. शाळेत एवढे कधी पडले नाहीत.
मनीसराने तिकीट काढलं. उद्या सकाळी अकराचं. तिच्या आईला फोनवर सांगितलं, ते पोटामुळे परत येतायत.
टेकदाईंना सांगायला खाली गेलो. दाराला कुलूप. चार वेळा फोन लावला, उचलत नाहीत. कामावर आहेत, डब्यांत भात भरतायत.