तुम्ही त्याला दिलेली रेफरन्सची चिप

सर, परवा लातूरला एका डाळमिलचा काटा जुळवायला गेलो होतो, तिथून माझ्या त्या वर्गमित्राच्या, तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या, कोचिंग क्लासवर गेलो. ऑफिसात त्यानं तुमचा फोटो लावलाय, रोज ताजा हार असतो म्हणे. मी अजून मोजमापाचीच यंत्रं करतो. रेफरन्सची चिप रोज हाताखालून जाते, आणि ती हातात घेतली की तुमच्या आधी तो आठवतो.

विष्णुपुरीच्या कॉलेजात आपल्या लॅबमध्ये तशी एकच चिप होती. चार पायांची, पोटात स्वतःचा हीटर असलेली. तुम्ही म्हणायचात, व्होल्टेज मोजायचं तर आधी न हलणारं एक व्होल्टेज हाताशी पाहिजे, मग बाकीची त्याच्याशी ताडायची. प्रोजेक्टला आम्ही दोघंही व्होल्टेजचा मीटर बनवत होतो, माझा साध्या झेनरवर, म्हणजे स्वस्तातल्या डायोडवर होता. मे महिन्यात पंखा बंद पडला की त्याचा आकडा सरकायचा. चिप मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. तुम्ही ती त्याला दिलीत. भूकंपात त्याचे आईवडील गेले म्हणून दिली, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो, पण त्याचं सोल्डरिंग माझ्याहून सफाईदार होतं हे मला दिसत होतं. एकदा मनात आलं, लोह्याकडं आमचंही घर पडलं असतं तर. लगेच कान पकडले, देवाचं नाव घेतलं. पण आलं ते आलंच.

तपासणीच्या दिवशी एकादशी होती. सगळे मेसला गेले, मी उपाशी, लॅबमध्ये एकटा. चिप तापून स्थिर व्हायला वेळ द्यायचा, ही तुमचीच शिकवण, म्हणून त्यानं मीटर सकाळपासून चालू ठेवला होता. मी त्याच्या मीटरची पिन प्लगमधून काढली. जिन्यात तुमच्या आणि मागोमाग त्याच्या चपला वाजल्या तेव्हा परत लावली. तुम्ही वाकून बघताय आणि शेवटचा आकडा थांबतच नाही.

"कधी चालू केलास रे?"

"सकाळपास्नं चालूच हाय, सर."

"मग हे काय पळून राहिलंय? एवढी चीज हातात दिली, अन् तुला तासभर धीर न्हाई? वर खोटं बोलतोस?"

तो वाकून जोडण्या तपासू लागला. माझा मीटर पाहून तुम्ही "ठीक" म्हणालात आणि पुढे गेलात.

परवा मी दारात उभा असताना तो वर्गात हेच सांगत होता. "सर एकदाच रागावले माझ्यावर. खोटं न्हवतो बोललो, पण कायतरी माझंच चुकलं असणार. तेव्हापास्नं सगळं दोनदा तपासतो. आज जे हाय ते त्या बोलण्यामुळं." मग मी दिसलो. "ये की! ह्याला इचारा, हा होता तिथं." सगळी पोरं वळून बघू लागली.

"हाव," मी म्हणालो, "लई रागावले होते."

नंतर आम्ही दोघंच चहा प्यायलो. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानं हसून सोडूनही दिलं असतं, तो तसाच आहे. चार वर्षांत तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत सर, तेवढं तुमचं माझ्याकडं लक्षच गेलं नाही. ते एक रागावणं माझ्या करणीचं होतं, आणि तेही तोच जपून बसलाय. आज पूजेला बसलो तेव्हा वाटलं, हे पत्र त्याला वाचायला द्यावं. देणार नाही. दिलं असतं तर ते माफी मागायला नव्हे, माझ्या वाट्याचं रागावणं त्याच्याकडून परत घ्यायला दिलं असतं.