कळपाबाहेर काढलेल्या सात दीर्घिका

३ मार्च

बोलून बसले.

बैठकीत ओरिनबेक अगायांनी — आमचे विभागप्रमुख — सरळ मलाच विचारलं. माझ्या मैत्रिणीने, सामालने मोजलेल्या त्या सात वेगवान दीर्घिका समूहाच्या हिशेबात धरायच्या का? मी म्हणाले, "नको. वेग मोजताना चुकलीय ती."

गेल्या आठवड्यात त्यांतल्या दोन दीर्घिकांचे वर्णपट मी स्वतः तपासले होते. वेग बरोबर होते.

मग का? समूहातल्या दीर्घिका जितक्या वेगाने फिरतात, तितकं त्यांना धरून ठेवायला वस्तुमान जास्त लागतं. नाहीतर त्या केव्हाच पांगल्या असत्या. त्या सात धरल्या की समूहाचं वस्तुमान दुपटीवर जातं. आणि माझा प्रबंध, माझं नाव, ही जागा — सगळं जुन्या आकड्यावर उभं आहे.

सामालने माझ्याकडे पाहिलं. वही मिटली. तिला कळलंय.

४ मार्च

डोकं दुखत होतं. गेले नाही.

८ मार्च

महिला दिन. सगळ्यांना ट्युलिप मिळाले. सामालने घरून बाउरसाक तळून आणले होते, पहिला माझ्या बशीत. मी तो तसाच ठेवला. वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत काढली आम्ही — तिला माझा चेहरा वाचता येतो. टोमणा तरी मारायचा!

तिचंच वाक्य दिवसभर डोक्यात. जानेवारीत अगायांना म्हणाली होती, "घोडी एवढी उधळताहेत आणि तरी कळप सोडत नाहीत, म्हणजे दोर दांडगा आहे, अगाय. दिसत नसला तरी." अगाय खूप हसले होते. मीही.

१७ मार्च

सामालचा करार पुढे चालवणार नाहीत. अगायांनी मला बोलावून सांगितलं. दुर्बिणीचा वेळ आधीच कमी, त्यात मोजमाप कच्चं असलेलं माणूस परवडत नाही म्हणाले. तुझं काय मत, असंही विचारलं.

मी मान हलवली. नुसती हलवली. कुठल्या बाजूला, तेही नीट आठवत नाही.

२२ मार्च

नौरिझ, नवं वर्ष. सामाल आली, आईच्या गळ्यात पडली, दोन वाट्या कोझेची पेज प्यायली. आज एकमेकांना माफ करायचा दिवस. आम्ही मिठी मारली. "काही चुकलं असेल तर माफ कर, राउशान," ती म्हणाली. मीही तेच म्हणाले — सगळेच म्हणतात तसं. ते काही खरं बोलणं नव्हे.

मे महिन्यात आपल्या गावी, तराझला जाईन म्हणाली. आई विचारत होती, एवढी हुशार पोर, हिला का काढली?

मी भांडी घासायला उठले.

२९ मार्च

उरलेल्या पाचही तपासल्या. दारं लावून, सबंध दिवस बसून. सगळ्या बरोबर. सगळे वेग ओळीने मांडले तर हळू चालणाऱ्यांपासून या सातांपर्यंत कुठेच खंड नाही. इथे कळप संपला आणि इथून परके सुरू, असं म्हणायला जागाच नाही. मी रेघ मारली म्हणून ती रेघ.

२ एप्रिल

सांगितलं. बंद खोलीत नाही — बैठकीत, सगळ्यांसमोर. फक्त सामाल नव्हती; ती आता येत नाही. सातही आपल्याच आहेत. वस्तुमान सामाल म्हणते तेच. माझा प्रबंधातला आकडा चूक.

अगायांनी पुढचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला. सामालला परत बोलावणार. बरं वाटलं. आता तिच्यासमोर उभी राहू शकेन. महिनाभर सगळं ठाऊक असून तिने तोंडातून एक शब्द काढला नाही — तिला ते सोसायला लावलं, त्याबद्दल तरी तिची माफी मागायची आहे.

४ एप्रिल

सामालकडे गेले होते. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

अगायांचा फोन येईपर्यंत तिला खरंच वाटत होतं की आपणच चुकलो. तराझच्या शाळेत नोकरीही धरलीय तिने. परत येणार नाही. मोजण्यावरचा हातच गेला म्हणाली.

मी विचारलं, स्वतःचे आकडे एकदा तरी पुन्हा का नाही तपासलेस?

"तू चूक म्हणाली होतीस ना," ती म्हणाली. "मग आणखी काय तपासायचं?"