न डगमगणारा फिंजान

६ ऑक्टोबर, सकाळ
कॉलेजच्या डिझाइन प्रोजेक्टची टीम ठरली. लुबना, बशर आणि मी. लीडर मीच. तसं कोणी म्हणालं नाही, पण नको असंही कोणी म्हणालं नाही. सर म्हणाले, रोजच्या वापरातली एक साधी वस्तू नव्याने करून आणा. मी लगेच सांगितलं: कडू कॉफीचा फिंजान. बिनकानाचा, घोटभर मावणारा कप, खाली ठेवला की डुगडुगतो. आपला डुगडुगणार नाही.

दुसरा संकल्प: प्रोटोटाइप पास झाला की त्याच दिवशी लुबनाला मनातलं सांगायचं. तिला अंदाज असणारच. आज माझ्याकडे बघून दोनदा हसली. एकदा माझ्या नाकाला खडू लागला होता म्हणून. दुसऱ्यांदा का, ते उघड आहे.

९ ऑक्टोबर
लुबना म्हणाली, अरे शहाण्या, फिंजान खाली ठेवतं कोण? प्यायचा, पुरे म्हणून हलवायचा, वाढणाऱ्याच्या हातात परत द्यायचा. भरलेला खाली ठेवतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. यजमान हो म्हणेपर्यंत तोंडाला लावत नाही. मला काय शिकवते? मीही जॉर्डनमध्ये, या साल्ट गावातच वाढलोय. पण डिझायनरने उद्याचं बघायचं असतं.

१४ ऑक्टोबर
पहिला नमुना तयार. बूड रुंद, ठाम. फक्त एकात एक बसत नाहीत, आणि वाढणाऱ्याला तर एका हातात चवड धरावी लागते. किरकोळ बाब. बशरला म्हटलं, बघ जरा.

१९ ऑक्टोबर
बशरने बूड आतून पोकळ केलं, चवड जमली. कल्पना मूळ माझीच. 'बघ जरा' कोण म्हणालं होतं? हाताची मापं घ्यायला तो लुबनाच्या वडिलांकडे गेलाय. आठवड्यात तिसऱ्यांदा. चांगला मुलगा, पण मंद. एका हाताला किती वेळ लागतो?

१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी साडेतीन
आज चाचणी, लुबनाच्याच घरी. आज सांगणारच. शर्ट तीनदा बदलला. पहिलाच बरा होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
लुबनाचे वडील अबू सिनान आणि तिचे चार काका बसले होते. बशर वाढत होता. बूड दाखवायच्या भरात मी माझा फिंजान भरलेलाच खाली ठेवला. तसूभर हलला नाही! खूश होऊन वर बघतो तर सगळे माझ्या फिंजानाकडे बघतायत.

अबू सिनान सरसावून बसले. म्हणाले, पोरा, माझ्या घरात ठेवलेला फिंजान गार होत नसतो. माग काय मागायचं ते. दिलं समज.

लुबना दारात उभी. बशरच्या हातातली किटली तशीच थांबलेली. मग माझाच आवाज कानावर आला: काका, तेवढा फीडबॅक फॉर्म भरून द्याल का?

दिला, म्हणाले. चष्मा मागवून दोन्ही बाजू भरल्या.

घाई बरी नव्हे. भरल्या घरात असं बोलणं शोभलं नसतं. पुढच्या शुक्रवारी नक्की.

८ नोव्हेंबर
सर्दी. नाक वाहत असताना प्रेमाचं कसं बोलणार? पुढचा शुक्रवार.

१५ नोव्हेंबर
लुबना भेटली. मी तोंड उघडलं, आणि रिपोर्टच्या समासाबद्दल बोललो. वीस मिनिटं.

२३ नोव्हेंबर
सरांनी 'ए' दिला. रिपोर्ट पक्का करून सोमवारी द्यायचाय.

काल बशरच्या घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर लुबनाच्या घरी जाऊन आलो. बशर म्हणाला, भावा, तू नसलास तर कसं चालेल? तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. बशरच्या मामांनी आमच्याच नमुन्यातला फिंजान भरलेला खाली ठेवला आणि मुलीचा हात मागितला. अबू सिनान म्हणाले, कॉफी प्या, मुलगी तुमची.

सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो. घरी येऊन रडलो. सर्दी नव्हती.

रिपोर्टात 'प्रत्यक्ष वापर' हा रकाना रिकामा होता. आज भरला. वापर: दोनदा. यशस्वी: एकदा.