चुकलं की आक्काचा आवाज

४ नोव्हें.
टँकर आलाच न्हाई. ऊस न्हाई म्हणून आपला सहकारी कारखाना बंद, पण त्याच्या शाळेत नवे कॉम्प्युटर! गणिताचे धडे बनवायला मी, बारावी नापास. आधी चेअरमनचा फोटो, मग बेरीज. कॉम्प्युटरमधल्या शहरी बाईच्या आवाजाला पोरं हसतात, म्हणून आक्काला बोलायला बसवलं. "न्हाई गं सोन्या, परत बघ." एवढंच. उत्तर चुकलं की हे वाजणार. बरोबर आलं की नुसती हिरवी खूण.
उद्या आक्का न् दाजी ऊसतोडीला, कोल्हापूरकडं. त्यांच्या पोरीला, राणीला, इथंच शाळेच्या वसतिगृहात ठेवलंय.

२८ नोव्हें.
काम टाकून कपिलधारला गेलतो. कावून, काय माहीत. धबधबा कोरडा. आलो तर संस्थेचे सचिव तापलेले.
"तुझी भाची मठ्ठ हाय बे. पहिल्याच धड्यावर अडकली. सोमवारी फेरचाचणी. नापास झाली तर जाऊ दे आईमागं फडावर."
मठ्ठ म्हणे. ह्यांचा चेअरमन भाषण तरी वाचून नीट...

२९ नोव्हें.
राणीमागं बसलो. सात अधिक पाच. पुटपुटली, "बारा." दाबलं तीन. आक्का बोलली. परत तीन. परत आक्का.
"राणे, येतंय की तुला!"
"येतंय मामा. पण बरोबर दाबलं की आई बोलत न्हाई."
धडा मीच बनवलाय.

३० नोव्हें.
सचिवांना म्हणलं, बरोबर आल्यावर आवाज लावू. "लाव, न्हाईतर तो आवाजच काढून टाक." पण 'परत बघ' बरोबर उत्तराला कसं लावू? आक्काकडून 'शाब्बास' म्हणवून घ्यायचं तेव्हा सुचलंच न्हाई. लई शहाणा मी.

३ डिसें.
फडावर पोचलो. आक्काच्या डोक्यावर मोळी. सगळं सांगितलं.
"मुद्दाम चुकती व्हय?" हसली. मग तोंड फिरवून उभी. मोबाइल धरला तेव्हा म्हणाली, "शाब्बास गं. आता पुढचं कर."
तेवढ्यात मुकादम, "ए बाई, मोळ्या काय तुझा बाप भरणार?" तेही रेकॉर्ड झालं. परत म्हण म्हणेपर्यंत ती ट्रककडं गेलती.

सोमवार
मुकादमाला कापलं की आक्काचं 'कर' तुटतंय. तसंच ठेवलं.
आज राणीची एकटीचीच चाचणी. पहिल्या बेरजेला बरोबर दाबलं. आक्का बोलली, मागून मुकादम ओरडला. पोरीनं चटका बसल्यागत हात काढून घेतला. माझ्याकडं बघितलं. सचिव मला म्हणाले, "तू बाहेर हो बे."
दाराबाहेर बसून लिहितोय. आत आक्का अजून दुसऱ्यांदा बोललेली न्हाई, ना 'शाब्बास', ना 'परत बघ'.