उजवा बैल

रविवार, १० ऑगस्ट २०२५

काल राखीला गावी गेले होते. जेवताना शेखरनं विषय काढलाच — "ताई, तुयावाला लाकडाचा बैल दे ना वं. चिऊचा पयलाच तान्हा पोया हाय."

मी म्हटलं, "तुले देऊ? पुन्हा नाल्यात सोडाले?"

सगळे हसले. त्याची सून तर ठसका लागेपर्यंत. शेखरही हसला. पन्नास वर्षांचा विनोद, अजून चालतो!

बैल इथे अकोल्यात, जठारपेठेत, माझ्या शोकेसमध्ये आहे. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या ढाली मी माळ्यावर टाकल्या, बैल मात्र डोळ्यांसमोर ठेवला. नातीसाठी असो की कुणासाठी — नाही म्हणजे नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

शेखरचा फोन नाही. रुसला असेल. रुसू दे!

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले. चहा घेताना बैलाकडे पाहत बसले. सगळं कसं लख्ख आठवतं मला! आठवणीच्या बाबतीत घरात माझा हात धरणारं कोणी नाही.

मी नऊ वर्षांची, शेखर सातचा. नत्थुजी सुतारांनी एकाच बाभळीतून जोडी केली. दोन्ही बैल हुबेहूब सारखे, खाली चाकं. "मोठीचा उजवा, लहान्याचा डावा," म्हणून आमच्या हातात दिले. खऱ्या जोडीचंही तसंच असतं, उजव्या अंगाचा बैल उजवीकडेच जुंपायचा. ओळखू यावा म्हणून मी माझ्याला लाल रिबीन बांधली, शेखरनं त्याच्याला सुतळी.

पोळ्याच्या सकाळी गडी खरे बैल धुवायला नाल्यावर निघाले. मग आम्हीही आमचे नेले! आदल्या दिवशी हळद-लोणी लावून त्यांचे खांदेसुद्धा शेकले होते आम्ही. लाकडाचे झाले म्हणून काय, पोळ्याला बिनअंघोळीचे ठेवायचे? धुऊन झाले, त्याच रिबीन-सुतळीनं पाण्याशीच बेशरमाच्या झुडपाला बांधले. मी फुलं तोडायला पलीकडे गेले. जाताना शेखरला बजावलं, "दोघायकडे पायजो."

परत येते तर एकच बैल! गळ्यात माझी रिबीन. शेखर गुडघाभर पाण्यात उभा.

"ताई, माहावाला गेला."

वरून माझी रिबीन सोडून त्यानं भलतीच बांधून ठेवलेली. मी छान फुलाची गाठ मारली होती, आणि त्यानं काय, तर गुरांच्या दाव्याची! हात लावू नको म्हटलं की लावायचाच. त्याबद्दल एक धपाटा दिला मी.

घरी बाबांनी तुराटी घेतली. शेखरच्या पोटऱ्यांवर वळ उठले. मला बोटही लागलं नाही. का लागावं? माझा बैल जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. पारावर माझ्या बैलाचा पहिला नंबर! स्टीलचा पेला मिळाला. बैल घेऊन घरोघरी फिरले, दारोदारी बोजारा मिळाला — फुटाणे, खोबरं, गुळाचा खडा. शेखर रिकाम्या हातानं मागून. सगळ्यांना सांगत होता, "आमच्या ताईचा पयला नंबर!" माझ्यातला अर्धा खाऊ मी त्याला दिला. मी काही दुष्ट नव्हते.

रविवार, १७ ऑगस्ट

परवापासून बाबांचं एक वाक्य डोक्यात घोळतंय. त्या पोळ्यानंतर शेखर म्हणजे 'हरवणारा', हे घरात ठरूनच गेलं होतं. माझी दहावी झाली. पुढं अमरावतीला होस्टेलवर दोघांपैकी एकालाच पाठवायचं, असं बाबांनी सांगून टाकलं. आजी म्हणे, पोराले ठेव, पोराची जागा राख. बाबा म्हणाले, "ज्याले लाकडाचा बैल सांभायता आला नाई, तो अमरावतीत काय सांभायन? दीपी जाईन."

गावातून होस्टेलवर गेलेली पहिली मुलगी मी! शेखर वावरात राहिला. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे कबूल. माझीही गणितं तोच सोडवून द्यायचा. पण बाबांचं काही चुकलं नाही. जे हाती दिलं ते मी सांभाळलं. मुख्याध्यापिका काय उगाच झाले?

मंगळवार, १९ ऑगस्ट

चिऊचा फोन. पाच वर्षांची चिमुरडी — "मोठी आजी, मी नाई हरवत. आबासारखी नाई मी."

हसू आलं. मग नाही आलं. माझाच विनोद एवढ्याशा पोरीच्या तोंडून बरा वाटला नाही.

देते बैल. एका दिवसापुरता! पुढचं चाक डुगडुगतंय. नत्थुजींच्या मनोजचं इथे अकोल्यातच फर्निचरचं दुकान आहे, त्याला सांगते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मनोजनं चाकांची पट्टी काढली. बैल उलटा धरून म्हणाला, "ताई, हा तं डावा हाय."

म्हटलं, काहीतरीच काय! माझा उजवा होता.

"आमचा बुडा जोडी करे, तं पट्टीखाली खाचा मारे. उजव्याले एक, डाव्याले दोन. हे पाहा."

दोन खाचा. अगदी स्पष्ट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. मनोजला सांगून पाहिलं की नत्थुजींची चूक झाली असेल. तो नुसता हसला. बापाच्या हाताबद्दल त्याला खात्री होती.

घरी आले. जेवले नाही. दाव्याची गाठ सारखी डोळ्यांपुढे येतेय. सुतळीच्या बैलाला शेखर नेहमी तीच गाठ मारायचा.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा

तीनदा फोन लावला. तीनदा तोच उचलला — "बोल ताई." मी आपलं चिऊच्या फ्रॉकचं माप विचारलं.

शनिवार, २३ ऑगस्ट. तान्हा पोळा

बैल घेऊन सकाळीच गावी आले. ओसरीवर शेखर चिऊसाठी त्याला बेगड लावत होता. दोन खाचांचं सांगून रिबिनीचं विचारलं. मान वर न करता म्हणाला, "फुलाची गाठ पाण्यात सुटते, ताई. रिबीन तेवढी झुडपाले राहिली होती."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुले माराची सवय नोती. मले होती."

जेवताना सगळ्यांसमोर चिऊला सांगितलं, बैल आबाचा आहे. माझा मी हरवला. कोणी हसलं नाही. एवढंच बोलवलं माझ्याच्यानं. अमरावतीला तो जायला हवा होता, हे इथेच लिहितेय.